पाठापुरता लावलेला वर्ग

तुमच्या गावच्या शाळेत दर हिवाळ्यात एकसारख्या साड्या नेसलेल्या, काखेत तक्त्यांची गुंडाळी धरलेल्या काही मुली येतात. त्यांच्यातल्या एकीला तरी थांबवून तुम्ही कधी विचारलं आहे का, की बाई, तुला इथं शिकवायला कोण शिकवतं?

नसेल विचारलं. मीही त्यांच्यातली एक होईपर्यंत कुणाला विचारलं नव्हतं. त्या येतात, थोडे दिवस व्हरांड्यात दिसतात आणि जातात. मागे भिंतीवर एखादा तक्ता राहतो, पचनसंस्थेचा नाहीतर एखाद्या किल्ल्याचा, कोपरे आत वळलेला. शाळेला त्यांची नावंही ठाऊक नसतात. पोरांच्या तोंडी त्या सगळ्या मिळून एकच असतात, बीएडच्या बाई.

आज सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर त्या पुन्हा दिसल्या. फिक्या हिरव्या साड्या, मरून काठ, वर घरचाच निरनिराळ्या रंगांचा स्वेटर. एकीने तक्ते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून छातीशी धरले होते, तान्हं मूल धरावं तसे. दुसरी डोळे मिटून ओठ हलवत होती. ती काय पुटपुटत होती ते मला लांबून कळलं. पाठाच्या सुरुवातीला विचारायचे प्रश्न पाठ करत होती. प्रश्न आपले, त्यांची उत्तरंही आपलीच, पोरांनी ती फक्त योग्य जागी म्हणायची. एसटी लागली, त्या चढल्या, आणि गाडी वळेपर्यंत मी बघत राहिले.

दिवाळी सरते, पहाटे पाणी हातात घेववत नाही, रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येऊ लागतो. बाकीच्यांसाठी तो गळिताचा हंगाम. आमच्यासाठी पाठांचा. गेल्या वर्षीचा माझा हंगाम विट्यात गेला. आता मी साताऱ्यात एका शाळेत तासाप्रमाणे शिकवते. हंगाम मात्र अंगातून गेलेला नाही. दमलेलं अंग ऋतू बरोबर ओळखतं.

विट्यात आमची खोली स्टँडपासून जवळ होती. माझ्याबरोबर रेश्मा राहायची. ती खंडाळा तालुक्यातली, नवरा फौजेत, लांब कुठेतरी बर्फात. लहान लेक, ओवी, सासूबाईंजवळ ठेवून ती शिकायला आली होती. सासूबाईंचा रोज संध्याकाळी फोन. "ह्या साली उरक बाई. पुढच्या साली पोर शाळंत घालायची, मग माज्याच्यानं धावाधाव व्हायची न्हाई." रेश्मा "व्हय आत्या" म्हणायची आणि फोन ठेवून उद्याच्या पाठाचा तक्ता पुढ्यात ओढायची. हे एक वर्ष तिला मिळालं होतं. त्यात अंतिम पाठ, म्हणजे परीक्षकांपुढे द्यायचा शेवटचा पाठ, निघाला तर ती शिक्षिका होणार होती, न निघाला तर परत खंडाळ्याला, कायमची.

आणि रेश्माचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

आम्हाला दिलेल्या शाळेत भूगोलाला मोहिते सर होते. पिकलेल्या मिशा, पायात कायम सँडल, खिशाला दोन पेनं आणि कपाळावर न संपलेल्या कामाची आठी. पहिल्या दिवशी त्यांनी रेश्माला आठवी ब दाखवली. "घ्या. गरीब वर्ग हाय. म्हंजे दंगाबी करत न्हाईत आणि उत्तरंबी देत न्हाईत."

"सर, तुम्ही बसाल का मागं?" रेश्माने विचारलं.

"बसलो असतो की. पन वरनं माहिती मागवलीया. आज भरून गेली न्हाई तर उद्या मलाच बाकावर उभं करत्याल."

ते गेले, आणि ते खरंच कामाला गेले. कार्यालयातल्या जुन्या संगणकापुढे चष्मा कपाळावर चढवून बसलेले सर मला रोज दिसायचे. त्यांना मी आळशी म्हणू शकत नाही. पण आमच्या पाठांना मागे बसलेलं माणूस कधी नसायचं, हेही खरं. आमच्या कॉलेजचे सर आठवड्यातून एकदा यायचे, पाच वर्गांच्या दारांतून डोकवायचे आणि सह्या करून पुढच्या शाळेला जायचे. उरलेल्या वेळी आम्ही एकमेकींचे पाठ बघायचो. मी रेश्माच्या वहीत लिहायची, फळ्यावरचं अक्षर सुबक. ती माझ्या वहीत लिहायची, आवाज स्पष्ट. दोन आंधळ्यांनी एकमेकांना रस्ता ओलांडून द्यावा तसं ते होतं.

शिक्षक रजेवर असला की तो तास आमचा. चाचणीचे पेपर आमचे. स्नेहसंमेलनाच्या पताका आमच्या. एकदा तर पोरांची वजनं-उंच्या घ्यायलाही आम्हीच. शाळेला फुकटची माणसं मिळाली होती, आणि फुकटच्या माणसाला कोणी काही शिकवत नाही, त्याच्याकडून करून घेतात. दुपारी डबा उघडला की भाकरी वातड झालेली असायची. आम्ही ती चावत पुढच्या पाठाचं टाचण, म्हणजे लेखी आराखडा, काढायचो. हातांना स्केचपेनाचा वास, नखांत खडू, तळव्यांत दिवसभर उभं राहिल्याची ठणक. संध्याकाळी खानापूरच्या बाजूने कोरडा गार वारा सुटायचा आणि ओठ फुटायचे. शिकवणारीचे ओठ फुटले की हसताही येत नाही.

पोरं मात्र या खेळात तरबेज. दरवर्षी नव्या बाई, दरवर्षी तेच पाठ, त्याच पायऱ्या. प्रश्न विचारत विचारत विषयाशी यायचं आणि मग जाहीर करायचं, की मुलांनो, आज आपण अमुक शिकणार आहोत. या जाहीर करण्याला हेतुकथन म्हणतात. एकदा रेश्मा ते विसरून थेट शिकवायलाच लागली, तर पुढच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, "बाई, हेतुकथन राहिलं."

"तुला कुनी शिकवलं रं हे?"

"गेल्या सालच्या बाईंनी. त्याच्या आधीच्या बाईंनीपन."

सगळा वर्ग हसला. रेश्माही हसली आणि त्या दिवशी तिचा आवाज पहिल्यांदा चौथ्या बाकापर्यंत गेला.

त्या वर्गात शिवानी नावाची मुलगी होती. विट्याकडची पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायची दुकानं चालवतात, आणि ती दुकानं देशभर पसरलेली. शिवानीच्या वडिलांचं कुंभकोणमला. ती तिथंच जन्मली, तिथल्याच शाळेत तमिळमध्ये शिकली आणि आजोबांच्या आजारपणात आईबरोबर इकडे आली. बोलायला विट्याचीच. पण पुस्तक पुढे आलं की बोट ठेवून एकेक अक्षर लावायची. सातवं अक्षर येईपर्यंत पहिलं निसटायचं. वर्ग तिला मद्रासीन म्हणायचा. तिने वर्षभरात हात वर केला नव्हता.

रेश्माने तिला पुस्तक सोडून आधी नकाशा दिला. मधल्या सुट्टीत त्या दोघी व्हरांड्यात बसायच्या, एक शेंगदाणे सोलत, एक पेन्सिलीने किनारा काढत. रेश्मा म्हणायची, "पाऊस." शिवानी म्हणायची, "मळै." मग रेश्मा ते जिभेवर घोळवून चुकवायची आणि शिवानी तोंडावर हात धरून हसायची. पाठाच्या टाचणात याला रकाना नव्हता. हे कुणी तपासलं नाही, कुणी सही केली नाही. त्या हंगामात मी पाहिलेलं खरं शिकवणं एवढंच.

अंतिम पाठासाठी बाहेरचे परीक्षक येणार होते. आदल्या दिवशी मोहिते सर म्हणाले, "उद्या वर्ग लावून देतो तुमाला."

"लावून म्हंजे?" रेश्मा.

"अ मधली चांगली चांगली पोरं हिकडं बसवतो. आनी ह्यातली जी..." त्यांनी शिवानीच्या बाजूच्या ओळीकडे नुसती मान हलवली. "ती ग्राउंडवर लिंबाखाली बसत्याल. पीटीचे सर बघत्यात. त्यांना सवय हाय त्याची."

मी मध्ये बोलले. सर, हे बरोबर नाही, असं काहीतरी.

"आवं ताई, बरोबर-चूक मला कळत न्हाई व्हय?" सर चिडले नाहीत. त्यांना चिडायचाही कंटाळा आलेला दिसत होता. "पन परीक्षक मार्क पोरांना देत न्हाईत. हिला देत्यात. हिची लेक वाट बघतीया न्हवं घरी? मग. माज्या पाठाला माज्या सरांनी असाच वर्ग लावला हुता. सगळीकडं लावत्यात."

रेश्मा म्हणाली, "बरं सर."

माझं लहानपण पत्रकांमध्ये गेलं. वडील कामगार संघटनेत, घरात कायम छापखान्यातून आलेले गठ्ठे. जेवणं झाली की आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालायचो आणि बोटांना शाई लागायची. त्या पत्रकांत अन्यायाला नेहमी एक चेहरा असायचा, त्याचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं आणि खाली कुणाविरुद्ध कुठं जमायचं ते लिहिलेलं असायचं. विट्यात मी तसा चेहरा शोधत होते. समोर मोहिते सर होते, जे आम्हाला स्वतःच्या डब्यातली शेंगाची चटणी वाढायचे. त्यांच्याविरुद्ध कुठं जमणार? एखादी वाईट गोष्ट चांगल्या माणसांनी एकमेकांच्या भल्यासाठी चालू ठेवलेली असते, तेव्हा ती मोडायला फार ताकद लागते. संताप येतो आणि टेकायला जागा न मिळाल्याने आतच बसून राहतो. माझा थकवा बहुतेक तिथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांची मोटार फाटकातून आत आली. तेव्हा एक गोष्ट घडली. रेश्मा फाटकाकडे गेली होती, त्यामुळे ती बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी निरीक्षणाला मागच्या बाकावर बसले होते. आठवी ब मधल्या त्या पोरांना कुणीही नावं घेऊन उठवलं नाही. मोटारीचा आवाज आला तशी ती आपापली उठली. दप्तरं घेतली, बाक सरळ केले आणि दारातून ओळीने निघाली. शिवानी त्याच वर्षी जूनमध्ये आलेली, तिला हा रिवाज ठाऊक नव्हता. ती बसून राहिली. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. "चल की. आपलं न्हाई हे."

त्यांच्या जागी अ तुकडीची पोरं आली. केस ओले करून विंचरलेले, बूट पुसलेले. परीक्षक आले, बसले, पेन काढलं. रेश्माने अभिवादन घेतलं आणि पहिला प्रश्न टाकला.

"मुलांनो, महाबळेश्वरला पाऊस जास्त पडतो की आपल्या विट्याला?"

"महाबळेश्वरला," एका सुरात.

"असं का बरं होत असेल?"

टाचणाप्रमाणे इथे पोरांनी गप्प बसायचं असतं. त्या शांततेत बाईंनी विषय जाहीर करायचा. पण पुढच्या बाकावरचा एक मुलगा टाचा जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, उंच जाऊन थंड होतात व पश्चिम उतारावर पाऊस पडतो. पूर्वेकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो. यास प्रतिरोध पर्जन्य असे म्हणतात." आणि बसला.

अ तुकडीला हाच पाठ आमच्यातल्याच एकीने गेल्या आठवड्यात दिला होता. हुशार पोरं निवडताना सरांच्या ते ध्यानात आलं नाही, आमच्याही नाही. रेश्माच्या हातात शिकवण्यासारखं काही उरलंच नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला, तो संपायच्या आत उत्तर आलं. तिने फळ्यावर डोंगराची आकृती काढायला घेतली, तर वाऱ्याचे बाण कुठल्या बाजूने काढायचे ते पोरंच सांगू लागली. परीक्षक गालात हसत होते. पाठ सुरेख चालला होता. हे असंच चालू ठेवलं असतं तर तो सुरेखच संपला असता.

रेश्मा थांबली. खिडकीतून लिंब दिसत होता. खाली पोरं बसली होती, काही काडीने मातीत रेघा ओढत. ती परीक्षकांकडे वळली. वर्गात प्रमाण भाषेत बोलायचं असा आम्हाला दंडक होता. तो तिच्या तोंडून गळून पडला.

"सर, ह्या पोरांना हे येतंय. ज्यांना येत न्हाई ती भायेर बसल्यात. माजा वर्ग तो हाय. आत घेऊ का त्यांना?"

दारात उभ्या असलेल्या मोहिते सरांनी खाली बघितलं. परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं. "पाठ तुमचा आहे. वेळ मात्र चालू आहे बरं का."

ती स्वतः गेली त्यांना आणायला. पोरं आली, पाठीला लिंबाचा वाळका पाला चिकटलेला. बाक पुरेनात. दोघांच्या जागी तिघं दाटीवाटीने बसली, अ मधल्या पोरांनी नाकं मुरडत जागा दिली. त्या गडबडीत पाठाचा चांगला तुकडा वाया गेला. मग तिने पहिल्यापासून सुरुवात केली, महाबळेश्वर आणि विटा. या वेळी उत्तरं एका सुरात आली नाहीत. एकजण म्हणाला, त्याच्या मामाचं गाव जावळीत आहे, तिथं पावसाळ्यात घराच्या भिंतीला शेवाळ धरतं. एकीने विचारलं, "मग पावसानं डोंगर झिजत कसा न्हाई?" रेश्माचा आवाज माझ्यापर्यंत, शेवटच्या बाकापर्यंत येत होता. तो कधीपासून यायला लागला ते मला कळलंच नाही.

आणि शिवानीचा हात वर गेला.

"बाई, पन आमच्या तिकडं दिवाळीत पाऊस अस्तो. फटाकं भिजत्यात. हिकडं पाऊस अस्तो तवा तिकडं ऊन. डोंगर तर तिथंच हाय की. मग वारं कुठनं येतं?"

"आली मद्रासीन," कुणीतरी म्हणालं. थोडं हसू.

टाचणात हा प्रश्न नव्हता. विषय सोडून प्रश्न आला तर काय करायचं ते आम्हाला शिकवलं होतं. छान प्रश्न, यावर आपण नंतर बोलू, असं म्हणून पुढे जायचं. रेश्माने तसं म्हणावं असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं, कारण मला ओवी दिसत होती. रेश्माने खडू पुढे केला. "ये. कुंभकोणम कुठं हाय दाखव बगू."

शिवानीने फळ्यावर किनारा काढला, त्यांच्या मधल्या सुट्टीतला. ती खूण करून मागे सरली आणि वर्ग त्या खुणेकडे बघत बसला. मग अ मधलाच, मघाचा टाचा जोडणारा मुलगा, टाचा न जोडता बोलला. "बाई, समुद्र तिकडच्या अंगाला हाय की."

"म्हंजे वारं त्या अंगानं येत असंल."

"मग ते फिरतं कवा?"

"आनी का फिरतं?"

रेश्मा म्हणाली, "मला ह्यातलं अर्धंच ठाऊक हाय. उरलेलं उद्या मिळून शोधू." तेवढ्यात घंटा झाली. सारांश राहिला. शेवटचे तपासणीचे प्रश्न राहिले. घरचा अभ्यास लिहायची फळ्याची कड कोरी राहिली. तिने चार संध्याकाळी खपून रंगवलेला तक्ता गुंडाळलेलाच राहिला.

परीक्षक व्हरांड्यात तिच्याशी सभ्यपणे बोलले. "बाई, मला बघताना बरं वाटलं. पण माझ्यापुढं रकाने आहेत. सारांश नाही, मूल्यमापन नाही, साहित्य वापरलं नाही, आणि विषय अर्धाच येतो असं तुम्ही स्वतःच म्हणालात. अपूर्ण पाठाला मी पूर्ण कसा म्हणू? पुढच्या वर्षी पुन्हा द्या."

"व्हय सर," रेश्मा म्हणाली.

मोहिते सरांनी चहा मागवला. मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "सांगत हुतो मी." आणि बशी खाली ठेवून, कुणाकडेही न बघता, "वर्षात पयल्यांदा तोंड उघडलं तिनं."

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. रेश्माने जे झालं ते सगळं सांगितलं. मला शिव्यांची अपेक्षा होती.

"म्हंजे त्या पोरांसंगट तूबी भायेरच बसलीस म्हन की," त्या म्हणाल्या. रेश्माला हसू आलं आणि मग रडू. "बरं, ये सावकाश. पोर निजलीया. आनी आइक, अजून एकच थंडी. त्याच्या म्होरं माजं गुडगं आइकायचं न्हाईत."

ती एक थंडी आता आली आहे.

या वर्षभरात मी खूप वेळा स्वतःला विचारलं, की त्या दिवशी रेश्माच्या बाजूने कुणी असतं तर त्याने काय केलं असतं. मोठं काही लागलं नसतं. हंगामभर मोहिते सर तिच्या वर्गात मागे बसू शकले असते, तर त्यांना शिवानी आधीच दिसली असती. त्यांना तिथं बसता यावं म्हणून त्यांच्या टेबलावरची माहिती भरायला दुसरं माणूस द्यायला हवं होतं. आम्हाला उभं करण्याआधी आठवडाभर नुसतं बसवून एखादा मुरलेला शिक्षक शिकवताना, आणि चुकतानाही, बघायला द्यायला हवा होता. शाळाभर फिरवण्याऐवजी एकच वर्ग पूर्ण हंगाम द्यायला हवा होता. पाठ झाल्यावर सही करण्याआधी कुणीतरी पाच मिनिटं शेजारी बसून विचारायला हवं होतं, काय गं, कुठं अडलीस? पोहायला शिकवणारा माणूस काठावरून मार्क देत नाही, पाण्यात उतरतो. शिकवायला शिकवणाऱ्यांनी मात्र काठ सोडायचा नाही असं आपण ठरवून टाकलं आहे. आणि वर रकान्यांत अडथळ्यासाठी जागाच ठेवलेली नाही. ज्या पाठात एकही मूल अडत नाही, तो पाठ आपल्याकडे सर्वांत चांगला.

हे मी तावातावाने लिहिते आहे, पण खरं सांगायचं तर तावही पूर्वीसारखा टिकत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या शाळेतही या बीएडच्या मुली आल्या. मुख्याध्यापिका बाईंनी मला सांगितलं, "त्यांना पाठापुरता वर्ग लावून द्या हो." मी म्हणाले, वर्ग आहे तसाच राहील. मला वाटलं होतं, की मी काहीतरी जिंकले. मधल्या सुट्टीत त्यांच्यातली एक माझ्याकडे आली. कोरेगावकडची, लहानखुरी, बोटांवर स्केचपेनाचे डाग. "मॅडम, बाकीच्या शाळांत सगळीकडं वर्ग लावून देत्यात. माझ्या एकटीचे मार्क जातील त्याचं काय?" एकाच वर्गाने खरं वागायचं ठरवलं, तर त्या खरेपणाची किंमत त्या वर्गात उभी असलेली मुलगी देते. मी तिचा तास संपेपर्यंत मागे बसले, एवढंच केलं. ते पुरेसं नाही हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

काल रेश्माचा फोन आला. पुढच्या आठवड्यात तिचा पाठ आहे, पुन्हा विट्याकडेच, दुसऱ्या एका शाळेत. ती दोन दिवस घरी गेली होती, ओवीची बडबड मागे ऐकू येत होती. वाऱ्यांचं दिवाळीतलं फिरणं तिने आता पूर्ण वाचलंय, शिवानीला पत्राने कळवलंही. मग म्हणाली, "त्या शाळंतले सरबी वर्ग लावून देतो म्हनालेत. घेऊ का गं ह्या वेळी? आत्यांचं गुडगं खरंच लय दुखत्यात."

मी तिला नको म्हणू शकले नाही. घे असंही म्हणू शकले नाही. पत्रकांत वाढलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सांगता येऊ नये, याची शरम वाटत बसण्यापेक्षा मी तुम्हाला लिहायचं ठरवलं. कारण हे ओझं तिच्या एकटीवर टाकलेलं आहे आणि ते उचलायला माणसं लागतील, तीही शाळेच्या बाहेरची.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. तुम्ही सातारा-सांगलीत कुठंही राहत असा, या आठवड्यात वेळ काढून आपल्या पोराच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना भेटा आणि सांगा, की पाठाच्या दिवशी आमचं पोर वर्गातून उठवायचं नाही. तुमचं पोर हुशार असेल तर तुम्ही आधी जा आणि सांगा, की ते दुसऱ्या वर्गाला उसनं द्यायचं नाही. चार पालक मिळून गेलात तर जास्त बरं, कारण मग कुठल्या एका शाळेतली कुठली एक मुलगी एकटी पडणार नाही. तिथं साडी सावरत, खडू हातात धरून कुणी उभी असेल, तर परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसा. आणि घंटा झाली, पाठ अर्धाच राहिला, पण एखादं मूल अजून फळ्यापाशी काहीतरी विचारत उभं असलं, तर परीक्षकांना जाऊन सांगा, की पोरं आमची आहेत, आणि आम्हाला घाई नाही.